दोनातला एक सेंटर

आमच्या मंडळाचा बास्केटबॉल संघ दर तीन-चार वर्षांनी नव्याने उभा करावा लागतो, आणि याला जबाबदार पुणं आहे. छत्रपती संभाजीनगरात इंजिनिअरिंगची कॉलेजं भरपूर. मुलगा अकरावीत मैदानावर येतो, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत त्याला खेळ कळू लागतो, शेवटच्या वर्षी तो खरोखर चांगला खेळतो आणि जूनमध्ये हिंजवडीला नोकरीवर रुजू होतो. दिवाळीत भेटायला येतो तेव्हा पोट सुटलेलं असतं आणि "सर, तिकडे वेळच मिळत नाही" हे वाक्य तयार असतं. एका वर्षी पहिल्या पाचातले तिघं एकदम गेले. उरले ते दोन टोकांचे. एकीकडे मिसरूडही नीट न फुटलेली पोरं, आणि दुसरीकडे शहर सोडायचं वय कधीच उलटून गेलेले दोघं. दोघंही सेंटर, म्हणजे बोर्डाखाली खेळणारे उंच गडी, आणि दोघंही चाळिशीला टेकलेले.

मी दिवसा एका कनिष्ठ महाविद्यालयात क्रीडाशिक्षक आणि संध्याकाळी या संघाचा प्रशिक्षक. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्या कामात तो थोडा थोडा जातो. मंडळाच्या बैठकीत त्या जूनमध्ये एकच विषय होता: संघ नव्याने बांधायचा तर या दोघांना ठेवायचं की मानाने निरोप द्यायचा?

दोघांची नावं लिहीत नाही. एकांना सगळे मास्तर म्हणतात. फुलंब्रीकडच्या एका शाळेत ते गणित शिकवतात. उंची सहा फूट तीन इंच, हात त्याहून लांब. रिंगकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, डाव्या खांद्याने हूल द्यायची आणि उजवीकडून वळून बोर्डावरच्या चौकोनाच्या कोपऱ्यावर चेंडू हळूच ठेवायचा, हे त्यांचं ठरलेलं. अख्ख्या मराठवाड्यातल्या संघांना ही चाल पाठ आहे आणि तरीही कुणाला ती अडवता येत नाही. दुसरे दादा. वाळूजच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतात, आठवड्यागणिक पाळी बदलते. मास्तरांपेक्षा इंचभर कमी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, उडी जवळपास संपलेली. सामन्यात चार-सहा पॉइंट झाले तर झाले. पण तोंड चाळीस मिनिटं चालू.

आमच्या भागात अशी उंची दुर्मीळ. सहा फूट दोन इंचाचा पोरगा रस्त्यात दिसला तर प्रशिक्षक त्याच्या मागे किराणा दुकानापर्यंत जातो, हे मी स्वतःवरून सांगतो. पंजाबात लुधियानाच्या अकादमीने उंच मुलं गावोगाव हेरून गोळा केली. बल्लो के नावाच्या गावातला सतनामसिंग भामरा तिथूनच पुढे अमेरिकेला गेला. सात फूट दोन इंच. २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, बावन्नाव्या क्रमांकावर घेतलं. आमच्याकडे असं हेरणारी यंत्रणा नाही. त्यातून या शहरात मान जिम्नॅस्टिक्सला आणि तलवारबाजीला, आणि तिथे उंचीवाचून फारसं अडत नाही. त्यामुळे हातात असलेले दोन उंच गडी सोडून द्यायचे ही कल्पनाच बैठकीतल्या निम्म्या लोकांना पाप वाटत होती.

माझं मत मी सुरुवातीलाच सांगून टाकलं. दोघांपैकी एकाला ठेवू, आणि जे जास्त चांगले खेळतात त्यांना नको.

कोषाध्यक्ष भाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, सगळ्यात जास्त पॉइंट करणाऱ्याला घरी बसवायचं? हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय?"

पुस्तकातलं नव्हतंच ते. पोरांकडे मात्र त्यांचं एक पुस्तक होतं, मोबाइलमधलं. आमचा छोटा गार्ड, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणारा पोरगा, बैठकीच्या दाराशी उभा राहून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "सर, दोघांनाही काढा. एनबीएत असंच करतात. जुन्यांना विकायचं, दोन वर्षं हरायचं, मग ड्राफ्टमध्ये भारी पोरं मिळतात." त्याचं खोटं नाही. तिथे तळाच्या तीन संघांना पहिली निवड मिळण्याची शक्यता प्रत्येकी १४ टक्के असते. हरण्याला बक्षीस आहे. आमच्याकडे हरण्याला काय मिळतं? पुढच्या वर्षी निमंत्रित स्पर्धेचं पत्र येत नाही. टी-शर्ट देणारा दुकानदार फोन उचलत नाही. पालक म्हणतात, इतका वेळ घालवण्यापेक्षा क्लास लावा. हरून हरून वर येण्याचा मार्ग आमच्यासाठी बांधलेलाच नाही, हे मी त्याला समजावलं. त्याला ते पटलं नाही, पण त्याच्या वयाला न पटणंच शोभतं.

मग एकाला तरी का ठेवायचं? हे सांगायचं तर सेंटर नेमकं काय करतो ते सांगावं लागेल, आणि हे बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही. प्रेक्षकाला दिसतो तो रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू, आणि बोर्डाखालचा बास्केट. खरं काम बचावात असतं. गार्डचं तोंड चेंडूकडे असतं, त्याच्या पाठीमागून समोरच्या संघाचा एखादा धिप्पाड गडी येऊन भिंतीसारखा उभा राहतो, त्याला आपण स्क्रीन म्हणतो. गार्डला तो दिसत नाही. सेंटर आपल्या रिंगकडे पाठ करून उभा असतो, त्याला अख्खं कोर्ट दिसतं. त्याने वेळेवर ओरडायचं असतं: "स्क्रीन डावीकडून!" त्यानंतर पुढच्या पावलाच्या आत ठरवायचं: गडी बदलायचा की मी दोन पावलं पुढे येऊन त्याला अडवतो आणि तू मागून ये. आवाज उशिरा आला तर गार्ड त्या भिंतीवर आपटतो, समोरचा मोकळा सुटतो आणि बास्केट होतो. बघणारे तो बास्केट गार्डच्या नावावर टाकतात, सेंटरचं नाव कुठेच येत नाही.

दादा हे ओरडण्याचं काम अशा पद्धतीने करतात की समोरच्या संघाचा प्रशिक्षक वैतागतो. अर्धं मराठी, अर्धं आमच्या शहराचं हिंदी. "पीछे देख", "मी आहे, तू जा", "सोडू नको त्याला", "हात वर, हात वर". चेंडू कुठे जाणार हे त्यांना आधी कळतं, कारण वीस वर्षांत सगळ्या चाली त्यांच्या अंगावरून गेल्यात. पाय पोचत नाहीत तिथे आवाज पोचतो. मास्तर बचावात गप्प असतात. ते स्वतःच्या माणसाला चोख सांभाळतात, पण बाकीच्या चौघांनी आपापलं बघावं अशी त्यांची वृत्ती. त्यांचं सगळं बोलणं दुसऱ्या टोकाला, आणि तेही एकच: हात वर करून चेंडू मागणं.

आता त्यांनी चेंडू मागितला की काय व्हायचं ते पाहा. गार्ड चेंडू आत द्यायचा आणि उभा राहायचा. दुसरा कोपऱ्यात उभा. तिसरा कमरेवर हात ठेवून. मास्तर पाठीने रेटत दोन ड्रिबल टाकणार, थांबणार, हूल देणार, आणि बहुतेक वेळा पॉइंट होणार. चौघं पोरं टाळ्या वाजवत मागे पळणार. सामना संपला की आम्ही जिंकलेलो असायचो किंवा थोडक्यात हरलेलो, पण अठरा वर्षांच्या पोराने त्या चाळीस मिनिटांत स्वतःहून एकही निर्णय घेतलेला नसायचा. मोकळा असूनही बाहेरून शॉट घ्यायचा नाही, कारण मास्तर रागावतील. मास्तर रागवायचेच असं नाही, पण मोठा माणूस आत उभा असताना बाहेरून मारणं पोरांना आगाऊपणा वाटायचा. आपल्याकडच्या पोरांवरचे हे संस्कार घरात ठीक आहेत. कोर्टवर ते महागात पडतात.

यात मास्तरांचा दोष नाही, खेळच त्यांच्या पायाखालून सरकला. ते चेंडू हाताळायला शिकले तेव्हा एका आक्रमणाला ३० सेकंद मिळायचे. २००० साली ते २४ झाले. बोर्डाखालचा रंगवलेला भाग तेव्हा खाली पसरट होता, २०१० मध्ये तो सरळ चौकोनी झाला, आणि त्याच वेळी तीन पॉइंटची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली. वरवर पाहता रेषा लांब गेली म्हणजे तीन पॉइंट अवघड झाले. पण बचाव करणाऱ्यांना तितकं बाहेर यावं लागतं, मधली जागा मोकळी होते, आणि पळणाऱ्या गार्डचं फावतं. आता आक्रमणात रिबाउंड मिळाला तरी घड्याळ १४ सेकंदांवरच येतं. पाठीने रेटत बसायला वेळ उरला नाही. मास्तरांच्या चालीला सात-आठ सेकंद लागतात. त्या चालीने पॉइंट होतात हे मान्य, पण तिच्याभोवती संघ बांधला तर तो संघ मास्तरांबरोबरच संपेल.

आणि बांधायचा कुणाभोवती? तर सिल्लोड तालुक्यातून आलेल्या एका पोराभोवती. वय एकोणीस, सहा फूट चार इंच, अजून वाढतोय की काय अशी शंका. शाळेत व्हॉलीबॉल खेळलेला. व्हॉलीबॉलवाला सेंटर म्हणजे काय आफत असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. नेटवर ब्लॉक करायची सवय. समोरच्याने चेंडू नुसता डोक्याच्या वर नेला की हा दोन्ही पायांवर हवेत. समोरचा शांतपणे थांबतो, हा खाली येताना त्याच्या अंगावर पडतो, शिट्टी, फाउल, दोन फ्री थ्रो. बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. आमचा हा पोरगा सुरुवातीला दुसऱ्या क्वार्टरलाच चार फाउल करून माझ्या शेजारी येऊन बसायचा आणि पाण्याची बाटली दाबत राहायचा.

दोघांनीही त्याला शिकवायचा प्रयत्न केला, आणि तिथेच माझं मत पक्कं झालं. मास्तर म्हणायचे, "मी कसा करतो ते बघ." आणि खरंच अप्रतिम करून दाखवायचे. पोरगा बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा हवेत. दादांची रीत वेगळी. ते त्याच्या मागे उभे राहायचे आणि त्याच्या चड्डीचं इलॅस्टिक मुठीत धरायचे. समोरून दुसरा पोरगा हूल द्यायचा. "मी सोडेपर्यंत उडायचं नाही. त्याचे पाय जमिनीवर आहेत ना? मग तुझेही जमिनीवर." आजूबाजूची पोरं हसायची. पोरगा लाजायचा. हळूहळू दादांनी मूठ सैल केली, मग नुसतं बोट, मग काहीच नाही. इलॅस्टिक कायमचं गेलं, पण पोरगा जमिनीवर राहायला शिकला.

मैदानाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण म्हातारे गुडघे आणि आमचं मैदान यांचा संबंध आहे. लाकडी किंवा रबरी पृष्ठभाग आमच्या नशिबात नाही, सिमेंटचं कोर्ट आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेलं सिमेंट संध्याकाळी साडेसहालाही बुटाच्या तळव्यातून जाणवतं. त्यात आमच्या शहराची एक गंमत: नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि ज्या भागात ते संध्याकाळी येतं त्या भागातली पोरं त्या दिवशी सरावाला येत नाहीत. "सर, आज आमच्याकडे पाणी आहे" या वाक्यापुढे कोणताही प्रशिक्षक निरुत्तर होतो. अशा दिवशी पाचच्या पाच जण जमवायला दादा आणि मास्तर दोघंही लागायचे. भाऊंचा हाही एक मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता.

पण संघात जागा बारा. एनबीएत पंधरा. मायामीने उडोनिस हॅसलमला २००३ पासून तब्बल वीस हंगाम ठेवलं, शेवटची काही वर्षं तर तो बहुतांश बेंचवरच होता, त्याचा उपयोग कपडे बदलण्याच्या खोलीत आणि सरावात. त्यांना ते परवडतं. आमच्याकडे बारातली एक जागा म्हणजे एका पोराचं वर्ष. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. आमच्या निमंत्रित स्पर्धेच्या प्रमाणपत्राला तिथे काडीची किंमत नाही, त्याला अधिकृत स्पर्धाच लागतात. पण अधिकृत स्पर्धेची निवड चाचणी होते तेव्हा निवडणारे कुणाला ओळखतात? ज्याला सामन्यात खेळताना पाहिलंय त्याला. बेंचवर बसलेला कुणाच्या लक्षात राहत नाही. मास्तरांना सरकारी नोकरी आहे, दादा कारखान्यात कायम आहेत. दोघांनाही आता कोणतंच प्रमाणपत्र नको. सिल्लोडच्या पोराच्या बापाची दीड एकर कोरडवाहू आहे.

आपल्या देशात जुने खेळाडू संघात टिकतात त्याचं एक कारण नोकरी हेच आहे. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, पोलीस, बँका. खेळाडू म्हणून भरती झाली की पगार खेळावर अवलंबून राहत नाही, मग तो पस्तिशीतही जर्सी घालतो, कारण काढणारा कुणी नसतो आणि जायचं कुठे हाही प्रश्न नसतो. त्याने काही चांगलं होतं, काही वाईट. मुंबईत नागपाड्याच्या मैदानाची रीत मला जास्त भावते. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे आणि भारताचं कर्णधारपद भूषवणारे अब्बास मुंतसिर त्याच मोहल्ल्यातले. तिथे खेळणं थांबलेला माणूस मैदान सोडत नाही, कडेला येऊन उभा राहतो आणि पोरांना शिव्या घालतो. तिथले जुने प्रशिक्षक बचूखान यांच्या काळापासून पिढ्या अशाच एकीतून दुसरीत गेल्या.

छोट्या गार्डने एका संध्याकाळी मला पुन्हा गाठलं. "सर, हॉरफर्डचं माहितीये का?" मला माहीत होतं. २०२०-२१ च्या हंगामात ओक्लाहोमा सिटीने अल हॉरफर्ड या अनुभवी सेंटरला २८ सामने खेळवलं आणि मार्चमध्ये सरळ सांगितलं, आता आम्ही पोरांना खेळवणार, तुम्ही विश्रांती घ्या. धडधाकट माणूस, पगारी घरी. पुढे तो बोस्टनला परत गेला आणि २०२४ मध्ये विजेता झाला. ज्या पोरांना जागा मिळाली तो ओक्लाहोमा २०२५ मध्ये विजेता झाला. "बघा, दोघांचंही भलं झालं," गार्ड म्हणाला. मी त्याला ह्यूस्टनचं उदाहरण दिलं. २०२२-२३ मध्ये त्यांचे बहुतेक कोवळे, आणि ८२ पैकी २२ विजय. मग त्यांनी दोन-तीन मुरलेले आणले, ४१ झाले. त्यानंतरच्या हंगामात न्यूझीलंडचा स्टीव्हन ॲडम्स हा दांडगा सेंटर सामन्याला सरासरी जेमतेम चौदा मिनिटं खेळला, स्क्रीन लावल्या, रिबाउंड काढले, चेंडू फारसा मागितला नाही, आणि ५२ विजय. "चौदा मिनिटं," मी म्हटलं. "दादांना मी तेवढीच देणार." गार्डने हिशोब केला. चाळीसमधून चौदा गेली, उरली सव्वीस. "म्हणजे सिल्लोडवाला सव्वीस? सर, त्याचे फाउल?" "फाउल करू दे."

मास्तरांशी बोलणं माझ्या वाट्याला आलं, आणि ते यायलाच हवं होतं. मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा सांगितला. त्यांना अंदाज असावा.

"सर, मागच्या स्पर्धेची स्कोअरशीट बघितलीत ना तुम्ही?"

"बघितली. सगळ्यात जास्त पॉइंट तुमचेच."

"मग?"

"मास्तर, तुम्ही कोर्टवर असलात की पोरं खेळत नाहीत, तुम्हाला बघतात."

ते बराच वेळ कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वर्गात एखादं हुशार पोरगं असतं, प्रश्न विचारला की तेच उत्तर देतं आणि बाकीचा वर्ग गप्प बसून राहतो. तसं म्हणताय तुम्ही?"

"तसंच."

"त्या पोराला मी वर्गाबाहेर नाही काढत सर. दुसऱ्याला विचारतो."

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. एवढंच म्हणालो की दुसऱ्यांना विचारून झालंय, ते अजूनही तुमच्याकडेच बघतात. सरावाला या, पोरांना तुमची ती चाल शिकवा, बेंचवर माझ्या शेजारी बसा. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. "बसायला नाही येणार. खेळणारा माणूस बेंचवर बसला की दोन्हीकडून जातो." चहाचे पैसे त्यांनी दिले. चाळिशीपुढच्या खेळाडूंच्या मास्टर्स स्पर्धा आता होतात, तिथे ते खेळतात आणि ऐकतो ते असं की अजूनही कुणाला ती चाल अडवता येत नाही. आमचा नमस्कार होतो, गप्पा होत नाहीत. भाऊ मात्र अधूनमधून त्यांचा विषय काढतातच.

पुढचा हंगाम सुरुवातीला वाईट गेला. पहिल्या दोन्ही निमंत्रित स्पर्धांत आम्ही लवकर घरी आलो. दादांना दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरमध्ये मिळून चौदाच्या आसपास मिनिटं, बाकी सगळी सिल्लोडच्या पोराची. तो फाउल करायचा, बोर्डाखाली चेंडू हातातून निसटायचा, दोनदा तर त्याने समोरच्या सेंटरला "सॉरी दादा" म्हणून चेंडू दिला. पण बाहेरचे चौघं हळूहळू हलायला लागले. आत चेंडू दिला की काम संपलं ही सोय गेली होती. छोट्या गार्डने एका सामन्यात तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून लागोपाठ तीन शॉट हुकवले आणि चौथाही घेतला. चौथा गेला. मास्तर असते तर दुसरा शॉटसुद्धा त्याने घेतला नसता.

मग दादांची पाळी आडवी आली. ऐन स्पर्धेच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट, सुटी मिळेना. संध्याकाळचे सामने, आणि दादा तेव्हा वाळूजला मशीनवर. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मास्तरांचा नंबर त्यांच्या मोबाइलवर उघडा असावा. मी फोन लावू दिला नाही. आता मागे ओरडणारं कुणी नव्हतं. सिल्लोडचा पोरगा मुळात अबोल, त्यात त्याच्या बोलण्यातली तालुक्याची लकब ऐकून सिडकोची पोरं त्याला चिडवायची, म्हणून आणखीच गप्प. पहिला क्वार्टर तो मुक्याने खेळला आणि गार्ड दोनदा स्क्रीनवर आपटला. टाइमआउटला मी काही बोलायच्या आत गार्डच त्याच्यावर खेकसला, "तोंड उघड ना! दादा नाही आज!" दुसऱ्या क्वार्टरला कोर्टच्या त्या टोकाकडून आवाज आला, "डावीकडून येतंय, तिकडं बघ की!" बेंचवरची पोरं हसली. तो थांबला नाही. उरलेला सामना तो ओरडतच राहिला, निम्म्या वेळा चुकीचं. पण चुकीचा आवाजही गार्डला सावध करतो. तो सामना आम्ही काढला, पुढचा हरलो.

दादांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "काय ओरडत होता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "'तिकडं बघ' म्हणायचं नाही, कुठलं तिकडं? नाव घ्यायचं." आणि त्या संध्याकाळी सरावात त्याला प्रत्येक वेळी नाव घेऊन ओरडायला लावलं. दादांचा उपयोग कशाला, या भाऊंच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना तिथे बोट दाखवून दिलं. त्यांनी ते निम्मं मान्य केलं.

निम्मंच, कारण जालन्याच्या एका संघाकडे बोट दाखवायला त्यांनाही जागा आहे. त्या संघाचीही पोरं पुण्याला गेली होती. त्यांनी तिन्ही जुने गडी ठेवले, तिघांना आलटूनपालटून खेळवलं आणि गेल्या हिवाळ्यात आम्हाला अकरा पॉइंटने हरवलं. त्यांचे प्रशिक्षक माझे जुने मित्र. "सर, तुमचं तत्त्वज्ञान भारी आहे, पण कप आमच्याकडे आहे," म्हणाले. मी त्यांना विचारलं, शेवटच्या दोन मिनिटांत चेंडू कुणाच्या हातात होता? तिघांतल्या सगळ्यात थोरल्याच्या. त्यांचा वीस वर्षांचा सेंटर पूर्ण सामन्यात किती मिनिटं खेळला, हे त्यांना आठवेना. ते म्हणाले, त्याचा नंबर पुढच्या वर्षी. मी म्हटलं, पुढच्या वर्षी तो पुण्याला असेल. यावर ते हसले आणि कप पिशवीत घातला.

डिसेंबरात त्यांच्याशी पुन्हा गाठ आहे. आमच्या सिल्लोडवाल्याला नाव घेऊन ओरडता येतं, फाउल सामन्याला तिनावर आलेत, डाव्या हाताने चेंडू मात्र अजून टाकता येत नाही. दादांनी गुडघा दाखवला, डॉक्टरांनी उड्या बंद सांगितल्या. दादा म्हणाले, त्या तर केव्हाच बंद आहेत. त्या आठवड्यात त्यांची पाळी कुठली येते ते मी आधीच मोजून ठेवलंय. फर्स्ट आहे.